पौषातला मोर

पौषातल्या एका सकाळी आम्ही हनुमान टेकडीवरून खाली उतरत होतो. रात्री पारा दहा अंशांच्या खाली गेला होता आणि वस्तीच्या कडेला पेटवलेल्या शेकोटीची राख अजून उबदार होती. एका घराच्या कुंपणभिंतीवर, उन्हाकडे पाठ करून, अंग फुगवून एक पक्षी बसला होता. मान आत ओढलेली, एक पाय पोटाच्या पिसांत लपवलेला. गळ्याचा निळा रंग ओळखीचा होता, पण पिसारा म्हणावा असे काही नव्हते. मागे हातभर लांबीची, अर्धवट वाढलेली पिसे तेवढी दिसत होती. दुधाची पिशवी घेऊन जाणारा एक मुलगा थांबला. "काका, लांडोर आहे का ही?" आम्ही म्हटले, "मोर आहे." त्याचा विश्वास बसला नाही. "मग थंडीनं पिसं गळाली असतील," असा निकाल देऊन तो निघून गेला.

मुलाचे निदान चुकीचे होते, पण त्याला दोष देण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. आम्ही स्वतः साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे मोर शिकवला आहे. मेघ आला की मोर येतो, मोर आला की विरह येतो, आणि विरहावर दहा गुणांचा प्रश्न येतो. परंतु पाऊस सरल्यावर तो मोर जातो कुठे, हे आम्ही कधी विचारले नव्हते आणि कोणा विद्यार्थ्यानेही विचारले नव्हते. घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न न विचारण्याची रीत हजार वर्षांहून जुनी आहे आणि एका शास्त्रकाराने ती स्पष्ट शब्दांत नोंदवूनही ठेवली आहे.

तो शास्त्रकार राजशेखर. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या सांध्यावरचा हा कवी कनोजच्या प्रतिहार दरबारी होता, पण मूळ घराणे आपल्याकडचे. त्याचा पणजोबा अकालजलद हा 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून ओळखला जाई. राजशेखराची 'काव्यमीमांसा' १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ म्हणून छापली गेली. तीत 'कविसमय' म्हणजे कवींचे संकेत सांगितले आहेत. त्यांचे तीन प्रकार. जे नाही ते असल्यासारखे वर्णायचे. जे आहे ते वर्णायचेच नाही. आणि जे अनेक ठिकाणी वा अनेक काळी आढळते ते एकाच जागी, एकाच ऋतूला बांधून टाकायचे. या तिसऱ्या प्रकाराला त्याने 'नियम' म्हटले आहे. कोकिळेचा स्वर वसंतातच, आणि मोराचे नृत्य व केका वर्षा ऋतूतच, ही त्याची उदाहरणे आहेत.

येथे थोडे थांबायला हवे. मोर इतर ऋतूंत ओरडत नाही असे राजशेखर म्हणत नाही. तो ओरडतो, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तर त्याने त्याला नियम म्हटले. कवींनी बाकीचे आठ महिने जाणूनबुजून बाजूला ठेवले, ही त्याची प्रामाणिक नोंद आहे. पुढच्यांनी नोंद विसरली आणि नियम तेवढा पाळला. (आणि हे सांगणाऱ्याच्या पणजोबाचे नाव 'अकाली आलेला मेघ'! अवकाळी पावसात आमच्या टेकडीवरचे मोर भर माघात ओरडतात तेव्हा आम्हांला हटकून या घराण्याची आठवण होते.)

नियमाच्या आधीच्या कवींनी निदान मोराला वेशीपर्यंत पोहोचवले होते. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात शरदाचे वर्णन आहे. त्यात पिसारा टाकून दिलेले, मद ओसरलेले मोर नदीकाठाने दीनपणे जाताना दिसतात. सारसांचे थवे जणू त्यांना रागे भरत आहेत. 'ऋतुसंहारा'तही शरद आला की मदन नाच थांबलेल्या मोरांना सोडून हंसांकडे जातो. दोन्ही ठिकाणी निरीक्षण चोख आहे. मोराची पिसे पाऊस संपता संपता, भाद्रपद-आश्विनात गळतात, ही गोष्ट आज कोणताही पक्षिशास्त्रज्ञ सांगेल. पण त्यानंतर पडदा पडतो. हेमंतात कवी ऊबदार वस्त्रे, मदिरा आणि लोध्राच्या फुलांकडे वळतात. शिशिरात दारे-खिडक्या लावून घेतात. मोर बाहेर राहिला तो आषाढापर्यंत.

बाहेर, पण फार लांब नव्हे. संस्कृत साहित्यात मोर जितका रानातला तितकाच घरातलाही आहे. 'भवनशिखी' हा शब्द कालिदासाच्या उज्जयिनीत भेटतो. अलकेतल्या यक्षाच्या अंगणात मोरासाठी मुद्दाम उभारलेली सोन्याची दांडी आहे, आणि संध्याकाळी यक्षपत्नी टाळ्या वाजवून त्याला नाचवते. 'विक्रमोर्वशीया'त दिवेलागणीला दांड्यांवर पेंगुळलेले मोर कोरल्यासारखे स्थिर दिसतात. या दांडीला 'वासयष्टि' म्हणत. म्हणजे आज वस्तीत मोर फिरतो हे पाहून 'जंगल तुटले म्हणून बिचारा शहरात आला' असा जो एक ठरावीक उमाळा येतो, तो पूर्णपणे खरा नव्हे. माणसाच्या वस्तीला चिकटून राहणे हा या पक्ष्याचा जुना स्वभाव आहे. त्याला उंच झाड, उघडा माळ आणि जवळपास पाणी हवे. माणसाचे त्याला वावडे नाही.

माणसाला मात्र त्याचे मांस आवडत असे. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलाशासनात, सामान्यपूर्व तिसऱ्या शतकात, राजाच्या मुदपाकखान्याचा हिशेब दिला आहे. पूर्वी तेथे लाखो प्राणी मारले जात. आता रोज फक्त तिघांची हत्या होते, दोन मोर आणि एक हरिण, आणि तो हरिणही रोज नव्हे. पुढे हे तिघेही मारले जाणार नाहीत, असे राजा म्हणतो. अहिंसेचे हे पहिले सरकारी पत्रक ज्या पक्ष्यापाशी अडते तो मोर आहे, ही गोष्ट आम्हांला मोठी बोलकी वाटते. मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यात आणखी एक गंमत आहे. या शासनाच्या निरनिराळ्या प्रतींत मोराला वेगवेगळी प्राकृत रूपे आहेत, पण गिरनारच्या प्रतीत शब्द आहे तो 'मोरा'. 'मयूर' या शब्दाचा प्राकृतात विकल्पाने 'मोर' होतो, असा नियम पुढे वररुचीनेही दिला. बावीसशे वर्षांत या शब्दाला काही झालेले नाही. आमच्या शहराने मात्र तेवढ्यात चार नावे पाहिली: खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.

प्राकृताचा विषय निघाला की पैठणला जावेच लागते. शहरापासून दक्षिणेला, गोदावरीच्या काठी, सातवाहनांची राजधानी. हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही या मातीची पहिली मोठी कविता, आणि स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे ती मराठी वाचकाच्या हाती आली. तिच्यातली व्याधाची बायको प्रसिद्ध आहे. सवतींच्या अंगावर गजमोती आहेत, हिच्या कानावर फक्त मोरपीस, आणि तरी ती गर्वाने मिरवते. कारण नवरा तिच्यात इतका गुंतला आहे की आता हत्तीच्या शिकारीची त्याला ताकदच उरलेली नाही, मोरापर्यंतच त्याची मजल जाते. आनंदवर्धनालाही या गाथेचा मोह आवरला नाही. पण आम्हांला या चर्चेत त्याच पोथीतली दुसरी गाथा महत्त्वाची वाटते. त्यात मोर नाही. माघ महिन्यात एक कुणबी अंगावरची पांघरायची घोंगडी देऊन बैल घेतो. थंडीची चिंता त्याला नाही, कारण घरी तरुण बायको आहे. मराठवाड्याच्या पठारावरची थंडी या कवींनी भोगलेली होती. शेणाचा धूर, तुसाचा विस्तव, रात्रीचा गारठा हे सारे त्यांना माहीत आहे. कुणब्याने बैलासाठी घोंगडी विकली हे त्यांना दिसले. त्याच्या शेताच्या बांधावरच्या झाडात काकडून बसलेला मोर मात्र, आम्हांला आठवणाऱ्या गाथांत तरी, नाही. इतका डोळस संग्रह आणि त्यातही ही जागा रिकामी!

पैठणच्या मागावरही तोच प्रकार. बांगडी-मोराच्या पदरातला मोर आणि भिंतीवर बसलेला पौषातला मोर यांच्यात एकच फरक आहे: पदरावर पिसारा कधी गळत नाही. आणि १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातले माडगूळकरांचे 'नाच रे मोरा' घेतले तर त्यातही पाऊसच. मराठी मुलाची मोराशी पहिली ओळख त्या गाण्यातून होते. दुधाची पिशवी घेऊन जाणाऱ्या मुलाला पिसाऱ्याशिवायचा मोर ओळखू आला नाही, त्यात राजशेखर आणि माडगूळकर दोघांचाही वाटा आहे.

'लांडोर' या शब्दात 'लांडा' स्पष्ट ऐकू येतो. त्या न्यायाने आश्विनापासून पौषापर्यंत सगळे मोर लांडोरच.

तर पौषात मोर काय करतो? साध्या शब्दांत सांगायचे तर तो पिसारा विणतो. ज्याला आपण पिसारा म्हणतो ती शेपटी नव्हे. खरी शेपटी खाली असते, आखूड, तपकिरी पिसांची, आणि पिसारा उभारला की तिचा आधार होतो. पिसारा म्हणजे शेपटीवरची आच्छादक पिसे, दीडशेच्या वर, काही तर दीड मीटर लांबीची. ती दर वर्षी सगळी गळतात आणि दर वर्षी नव्याने येतात. गळणे पावसाळ्याअखेर आटोपते, वाढ हेमंत-शिशिरभर चालते, आणि फाल्गुनाच्या सुमारास पिसारा पुन्हा पुरा होतो. आषाढात जो नाच होतो त्याची सामग्री कडाक्याच्या थंडीत, एका बाजूला अंगाची ऊब राखत, रोजच्या दाण्या-किड्यांतून जमवावी लागते. डार्विनने १८६० मध्ये एका पत्रात लिहिले होते की मोराचे पीस नुसते दिसले तरी आपल्याला मळमळते. जगण्याला उपयोगी नसलेले एवढे ओझे निसर्गाने का वाहावे, हे त्याला उलगडत नव्हते. उत्तर त्याने पुढे लांडोरीच्या निवडीत शोधले. पण हा खर्च वर्षाच्या कोणत्या महिन्यांच्या खाती पडतो, हे भिंतीवरच्या त्या मोराला पाहिल्यावर आम्हांला प्रथम नीट कळले.

थंडीने तो मरतो का? आमच्या शहरातल्या थंडीने तर नाहीच. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पठारावर आहे. उत्तरेकडून थंडीची लाट आली की रात्री बोचऱ्या होतात, आणि १९११ च्या फेब्रुवारीत येथे पारा दोन अंशांच्या आसपास उतरल्याची नोंद आहे. पण मोराने याहून पुष्कळ सोसले आहे. बावेरू जातकात भारतीय व्यापारी आधी कावळा आणि मग मोर घेऊन बावेरूस, म्हणजे बाबिलोनला जातात. मोर येईपर्यंत कावळ्याचा थाट असतो, मग त्याला कोणी विचारत नाही. त्या वाटेने मोर ग्रीकांकडे गेला, रोमनांकडे गेला, आणि पुढे इंग्लंडातल्या सरदारांच्या बागांत स्थिरावला. तेथे तो बर्फात उभा राहतो. उघडे असतात ते त्याचे पाय. कडक हिमात बोटांना इजा होऊ नये म्हणून तिकडचे मोर पाळणारे रात्री बसण्यासाठी गोल दांडीऐवजी रुंद, सपाट फळी लावतात. त्यावर बसला की पोटाची पिसे बोटांवर पसरतात. कालिदासाच्या वासयष्टीत थंड देशाने केलेली ही दुरुस्ती. आपल्याकडे मोर नाचता नाचता आपल्या कुरूप पायांकडे पाहून रडतो अशी समजूत आहे. पायांच्या बाबतीत तो हळवा आहे हे खरे, कारण मात्र निराळे.

शहरातला मोर संध्याकाळी लवकर झाडावर चढतो आणि सकाळी उशिरा उतरतो. बाबराने आपल्या आत्मचरित्रात आश्चर्य केले आहे की इतका जड, धड उडता न येणारा पक्षी कोल्ह्यांनी भरलेल्या रानात टिकतो कसा. रात्रीचे उंच झाड हे त्याचे उत्तर. हिवाळ्यात ते झाड दुप्पट मोलाचे होते, कारण रात्र लांब असते. दंव पडले की पिसे भिजून जड होतात, आणि ऊन लागून ती सुकेपर्यंत मोर खाली यायला नाखूश असतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. भिंती, गच्च्या, पत्र्याची छपरे त्याला आवडतात ती याचसाठी: ऊन तेथे आधी पोहोचते. पावसाळ्यात उबलेली पिले या वेळी तीन-चार महिन्यांची असतात आणि आईच्या मागेमागे असतात. मोर मात्र या दिवसांत लांडोरींपासून वेगळे, आपापल्या टोळक्यांत हिंडतात. पिसारा नाही, म्हणून भांडणही नाही. कवींना या दिवसांत रस वाटला नाही हे समजण्यासारखे आहे.

खाणे मात्र याच दिवसांत उत्तम. रब्बीची ज्वारी हुरड्याला आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. हर्सूल-जटवाड्याकडच्या शेतकऱ्याला मोराच्या सौंदर्याबद्दल विचारू नये. त्याची चीड खोटी नाही. पण आम्हांला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची: पेरणीच्या वेळी बियाण्याला चोळलेले विषारी औषध. जमिनीत नीट न झाकलेले दाणे टिपून मोरांचे थवेच्या थवे मेल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून येत आल्या आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, नायगावला १९९४ पासून मोरांसाठी सुमारे तीस चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. पण मोराला अभयारण्याची हद्द वाचता येत नाही.

आता शहराकडे येऊ. आमच्या शहरात मोर टिकले ते मुख्यतः दोन जागांमुळे: दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर. दोन्हींचा इतिहास मोरासाठी घडलेला नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगराचे पाणी भूमिगत नहरींतून गावात आणले. पाण्यामागून बागा आल्या. हिमायतबाग ही मोगलकालीन. आज तेथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र आहे, म्हणून ती विकली गेली नाही आणि तिच्यात घरे उठली नाहीत. विद्यापीठ स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ ला. सुमारे सातशे एकरांची जागा, मागे लेण्यांचा डोंगर, आणि बराच भाग काटेरी झुडपांचा पडीक माळ. नकाशावर 'पडीक' लिहिलेली जागा मोराच्या दृष्टीने भरलेले घर असते. या दोन जागांच्या मधल्या आणि भोवतालच्या बेगमपुरा, पहाडसिंगपुरा अशा वस्त्यांतून ते ये-जा करतात. कोणी त्यांना आणून सोडले असे नव्हे. शहर वाढले आणि ते राहिले.

हिमायतबागेला लागूनच सलीम अली सरोवर आहे. येथे एक विषयांतर आवरत नाही. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला तेव्हा डॉ. सलीम अली यांचे मत माळढोकाच्या बाजूचे होते. मोर सर्वांना ठाऊक आहे, त्याला सन्मानाची गरज नाही; माळढोक नाहीसा होतो आहे, त्याला आहे, असे त्यांच्या मताचे सार होते. पुढे काय झाले ते सोलापूरच्या नान्नजला जाऊन पाहावे: तेथे आज माळढोक दिसणे हीच बातमी होते. सलीम अलींच्या नावाच्या तळ्याकाठी संध्याकाळी मोर ओरडतात तेव्हा त्यांच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग आम्हांला खटकतो. मोर सर्वांना खरोखर ठाऊक आहे का?

राज्यकर्त्यांना तो ठाऊक होता असे म्हणावे, तर त्यांनीही पिसाराच घेतला. शाहजहान १६३५ मध्ये मयूरासनावर बसला. त्याच्या मुलाने १६५३ मध्ये, दक्षिणेचा सुभेदार असताना, या शहराला आपले नाव दिले. बादशहा झाल्यावर १६८२ मध्ये तो पुन्हा येथे आला, पंचवीस वर्षे दक्षिणेत तंबूंतून फिरला, आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. रत्नांचा मोर तेवढा काळ उत्तरेतच राहिला. १७३९ मध्ये नादिरशहाने तो इराणला नेला. त्या वेळी दिल्लीत वाटाघाटींत असलेला निजाम-उल-मुल्क आसफजाह आणि तो औरंगजेब, दोघांच्याही कबरी शहराजवळ खुलताबादेत आहेत. तेथील दर्ग्यांत आजही मुजावर भाविकांच्या मस्तकावरून मोरचेल फिरवतात. खुलताबादच्या डोंगरातले जिवंत मोर याच पिसांचे मूळ धनी.

आणि खुलताबादच्या पायथ्याशी वेरूळ. सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, सातव्या शतकाच्या सुमारासची, महामायूरीची मूर्ती आहे. बौद्धांची ही देवी मुळात सर्पविषावरची. मोर साप खातो, म्हणून तिचे नाव आणि तिचे वाहन. पुढे तिच्याकडे विद्याही आली. तिच्या बाजूला मोर आहे, आणि खाली, लहानशा घडीच्या चौरंगापाशी, पोथी वाचत बसलेला एक विद्यार्थी आहे. आम्ही वर्षाआड विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जातो. ते देवीकडे पाहतात, मग पोथी वाचणाऱ्याकडे पाहून हसतात. मोराकडे फारसे कोणी पाहत नाही. तोही तेथे नाचत नाही. नुसता उभा आहे, शेजाऱ्यासारखा. शिल्पकाराने, कदाचित नकळत, नियमाबाहेरचा मोर कोरून ठेवला आहे.

मराठी लोकजीवनात हिवाळ्याचा एक मोर आहे, पण तोही पिसांपुरता: वासुदेव. अंधारात, धुक्यातून, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालून तो दारात येई. चिपळ्यांच्या आवाजाने जाग येई आणि धान्य सुपात घेऊन आई बाहेर जाई. मोर स्वतः पिसांवाचून झाडावर काकडत असे त्या घटकेला त्याची पिसे वासुदेवाच्या डोक्यावर गावभर फिरत. ती गळालेली, वेचलेली पिसे. आम्हीही लहानपणी वहीत पीस ठेवून त्याला पिले होण्याची वाट पाहिली आहे.

आता वस्तीतल्या माणसांविषयी. गेल्या काही हिवाळ्यांत आमच्या परिसरात मोरांविषयी कळवळा वाढला आहे. कोणी भिंतीवर गोणपाट अंथरतो, कोणी बाजरी टाकतो. एका सद्गृहस्थांनी तर अंग फुगवून बसलेला मोर आजारी समजून पोत्याने पकडला आणि रात्रभर न्हाणीघरात, हिटर लावून, कोंडून ठेवला. सकाळी त्याने न्हाणीघराची जी दशा केली होती ती पाहून ते स्वतः आजारी पडायच्या बेतात होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मोर आहे. त्याला कोंडणे गुन्हा ठरतो, हे त्यांना नंतर कोणी तरी सांगितले. हेतू निर्मळ होता. अंग फुगवणे म्हणजे पिसांत हवा धरून ऊब राखणे, आजार नव्हे, एवढे ठाऊक असते तर मोर आणि न्हाणीघर दोन्ही वाचले असते. टाकलेल्या दाण्याचीही तीच गत. दाण्यामागे मोर जमिनीवर रेंगाळतो, आणि वस्तीतली मोकाट कुत्री त्याची वाट पाहतात.

ज्या गोष्टींनी तो खरोखर मरतो त्या कळवळ्याच्या यादीत नाहीत. चैत्र-वैशाखात आटलेले पाणवठे, उघड्या विजेच्या तारा, कुत्री, विष लावलेले बी. आणि पडीक जागा. दर वर्षी माळाच्या कडेचा एखादा तुकडा सपाट होतो, झुडपे जेसीबीने निघतात, शोभेची हिरवळ लागते. उंच, जुने झाड 'धोकादायक' ठरून पडते. मोराला त्या दिवशी काही होत नाही. तो पुढच्या झाडावर जातो. हिवाळ्याच्या लांब रात्रींत किती मोर एकाच झाडावर दाटीने बसतात, ते संध्याकाळी सहाच्या सुमारास मोजावे. आम्ही गेली काही वर्षे मोजतो आहोत. मोर कमी झाले की नाही हे आम्ही सांगत नाही. झाडे कमी झाली आहेत, आणि त्यांपैकी दोन आमच्या देखत पडली.

माघाच्या अखेरीस आम्ही पुन्हा त्याच भिंतीपाशी होतो. ऊन चढले होते, शेकोटीच्या जागी कोणी तरी गवऱ्या थापल्या होत्या. भिंतीवर मोर होता. पिसारा आता भिंतीच्या निम्म्यापर्यंत लोंबत होता, टोकांचे डोळे पुरते उघडलेले, आणि वाऱ्याने तो जरा हलला की चुन्यावर खसखस असा आवाज येई. मुलगा दूध घेऊन येत होता. त्याने वर पाहिले, थांबला, आणि आम्हांला ओळखून म्हणाला, "हा दुसरा आहे."

आम्ही नाही म्हटले. तो हसला आणि निघून गेला.